वर जायला ब्रेक कशाला

सायकलनं डोंगर चढायचा हे डॉक्टरणीनं ठरवलं, आणि डॉक्टरणीनं एकदा काही ठरवलं की बाकीच्यांना फक्त वेळ कळवली जाते. शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला : ‘रविवारी सकाळी पावणेसहाला पाण्याच्या टाकीखाली. हेल्मेट सक्तीचं. पाणी दीड लिटर. कारणं चालणार नाहीत.’ मी शाळेत भूगोल शिकवते. पंचवीस वर्षं पोरांना याच आवाजात सूचना देत आले आहे. तरी तो निरोप वाचताना मी खुर्चीत ताठ बसले.

नवऱ्यानं तो माझ्या खांद्यावरून वाचला. म्हणाला, “डोंगरावर? तुम्ही चौघी? वर पोचलीस की फोन कर. न पोचलीस तर आधी कर, गाडी घेऊन येतो.”

आम्ही चौघी कळंबा रोडच्या एकाच कॉलनीतल्या. डॉक्टरीण दातांची. मूळची पुण्याची. लग्न होऊन कोल्हापुरात आली त्याला तीस वर्षं होत आली, पण अजून ती ‘मी येते, मी जाते’ असंच बोलते. आमच्याकडं बायकासुद्धा ‘येतो, जातो’ म्हणतात. सुरुवातीला ती दचकायची आणि आम्हाला सुधारायची. आता दचकत नाही आणि सुधारतही नाही, फक्त एक क्षण डोळे मिटते. तिची सायकल गिअरची आणि इतकी हलकी, की ती एका हातानं उचलून दाखवता येते. ती दिवसातून एकदा तरी दाखवतेच.

दुसरी अक्का. वयानं आमच्यात थोरली, अठ्ठावन्नची. तिचं माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून, जैन शेतकऱ्यांचं मोठं घर. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि ही सात भावंडांत पहिली, त्यामुळं ती जन्मापासूनच अक्का असावी असं मला वाटतं. सासरी शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. ती कांदा-लसूण-बटाटा खात नाही. बाकी सगळं मन लावून खाते आणि दुसऱ्यालाही सोडत नाही. तिच्या सायकलला पुढं बुट्टी आहे, आणि त्या बुट्टीत डबा नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

तिसरी मशीन. हे तिचं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. ती ब्लाउज शिवते. अर्ध्या कॉलनीच्या पाठीचं माप तिला तोंडपाठ आहे. तीस वर्षं ती पायमशीनवर बसते. मुलानं मोटर बसवून देतो म्हणून किती मागं लागावं, तर ही म्हणते, “पाय गप बसलं की मला काय सुचत न्हाय.” सेहेचाळिसाव्या वर्षी ती सायकल शिकली. आमच्या शाळेच्या मैदानावर, मुलं घरी गेल्यावर, दोन आठवड्यांत. शिकवणारी मीच. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायची. आता कमी सांगते.

आणि चौथी मी. सगळ्या मला ‘बाई’ म्हणतात. माझी सायकल लेकीची, जांभळी. लेक नोकरीला बाहेर गेली तेव्हा सायकल भंगारात जाणार होती, मी वाचवली.

वर्षभर आम्ही रोज सकाळी कळंबा तलावाच्या बाजूनं चकरा मारत होतो. तिथला रस्ता ताटासारखा सपाट. तेवढ्यावर आम्ही स्वतःला सायकलपटू समजायला लागलो होतो. डॉक्टरणीला मात्र ते पुरेना. तलावाच्या पलीकडं, दक्षिणेला, झाडीनं भरलेला एक डोंगर दिसतो. वर देवीचं देऊळ आहे. रोज चकरा मारताना ती त्या डोंगराकडं बघायची, जशी एखाद्याच्या किडक्या दाढेकडं बघत असेल तशी.

रविवारी टाकीखाली जमलो तेव्हा पौषातली थंडी होती. अक्कानं हेल्मेटच्या आत माकडटोपी घातली होती. मशीन पंजाबी ड्रेसवर मुलाचं जर्किन घालून आली होती, आणि सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. डॉक्टरणीनं प्रत्येकीच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली. ब्रेक पाहिले का, ते मला आठवत नाही. तिलाही आठवत नाही. ह्यावर आमचं नंतर बरंच बोलणं झालं.

तलाव मागं पडला, तुरुंगाची भिंत मागं पडली, आणि रस्त्याला ऊस लागला. कारखान्यांचे दिवस होते. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चालले होते, आणि आमच्या सायकली त्यांच्या मागं मुंगळ्यांसारख्या. एका ट्रॉलीच्या मागं आम्ही बराच वेळ अडकलो. ट्रॅक्टर चढाला लागून रेंगाळला, तशी अक्का पुढं गेली, एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं ट्रॉलीतला एक ऊस सरळ ओढून काढला.

“अक्का!” डॉक्टरीण ओरडली. “अहो, काय हे!”

“माझ्या भावाच्याच रानातला आसंल की,” अक्का म्हणाली.

“तुमच्या भावाचं रान चाळीस किलोमीटरवर आहे!”

“मग त्यो कारखान्याला पोचायचा हुता त्यो मी हितंच घेतला. काम कमी झालं.” तिनं ऊस बुट्टीत आडवा ठेवला. त्यानंतर तिच्या शेजारून कुणाला सायकल चालवता येईना, कारण ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आला होता.

डोंगराचा फाटा आला तेव्हा उन्हं वर येत होती. फाट्यापासून देवळापर्यंत अडीच किलोमीटर, आणि पहिल्याच वळणावर रस्ता असा उभा राहतो की समोर डांबर दिसतं, आकाश दिसत नाही. डॉक्टरणीनं थांबून चढाचं शास्त्र सांगितलं. दम कसा घ्यायचा, कुठल्या गिअरवर कधी जायचं. गिअर फक्त तिच्या सायकलला होते. तिचं सांगून होईपर्यंत मशीन निघून गेली होती.

तिनं मागं पाहिलं नाही, उठून उभी राहिली नाही, जोर लावला आहे असंही दिसलं नाही. सीटवर बसल्या जागी एका लयीत पाय खाली-वर, खाली-वर, जसं ब्लाउजची लांब शिवण मारताना करते तसं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि निलगिरीच्या झाडांत तिचं लाल जर्किन दिसेनासं झालं.

अक्का पहिल्या वळणावर उतरली. मी दुसऱ्यावर. उतरले असं मी म्हणते, खरं म्हणजे सायकल थांबली आणि मी तिच्यावर होते. डॉक्टरीण अजून चढत होती, पण इतकी हळू, की मी शेजारून सायकल ढकलत चालत असताना आमच्या गप्पा होऊ शकत होत्या. ती गप्पा मारायच्या स्थितीत नव्हती, मीच मारत होते.

एवढ्यात मागून एक म्हातारी आली. डोक्यावर नारळ आणि झेंडूच्या फुलांची पाटी, पायात काही नाही. रविवारी देवळाबाहेर विकायला चालली असावी. तिनं अक्काला मागं टाकलं, मग मला, मग डॉक्टरणीला. डॉक्टरणीपाशी जरा थांबून तिनं सायकलकडं वरून खाली पाहिलं.

“चालतच आला आसता तर कवाच पोचला आसता की,” ती म्हणाली, आणि गेली.

डॉक्टरीण पुढच्याच झाडापाशी उतरली. तिचं म्हणणं, चेन वाजत होती म्हणून.

बाकीचा डोंगर आम्ही तिघींनी चालत केला. जांभळीची झाडं, करवंदीच्या जाळ्या, मधूनच एखादा आंबा. खाली दूरवर तलाव, काशाच्या थाळीएवढा. मी दर पाच मिनिटांनी थांबून एखाद्या झाडाकडं बोट दाखवून माहिती देत होते. झाडाची माहिती उभं राहूनच देता येते. अक्कानं ते ओळखलं. पुढच्या झाडापाशी ती आपणहून थांबली आणि म्हणाली, “बाई, ह्या झाडाचं बी सांगा काहीतरी. जरा लांबट सांगा.”

वर पोचलो तर मशीन देवळाच्या पायरीवर बसली होती. दर्शन झालेलं, कपाळाला कुंकू, श्वास जागेवर. ती म्हातारी पाटी मांडून शेजारी बसली होती आणि दोघींची ओळखही झालेली होती.

“ह्याच का त्या?” म्हातारीनं विचारलं.

“ह्याच,” मशीन म्हणाली.

पुढचा अर्धा तास आम्ही मशीनची आरती ओवाळली. डॉक्टरणीनं तिची नाडी मोजली आणि मान हलवली. मी म्हटलं, ही माझी विद्यार्थिनी. अक्कानं ऊस मोडून पहिलं कांडं तिला दिलं. मग डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, तिळाचे लाडू. आम्ही देवळामागच्या सावलीत बसून खाल्लं. मशीन मात्र एरवी लाडवांवर तुटून पडते तशी पडली नाही. एकच दशमी तिनं बराच वेळ कुरतडली. कौतुकानं लाजली असेल, असं मला वाटलं.

मग ती म्हणाली, “खाली जायला दुसरा रस्ता न्हाय काय?”

“दुसरा कशाला?” मी विचारलं.

“आसंच. कमी उताराचा.”

हे भूगोलाच्या बाईला विचारलं होतं. मी सविस्तर सांगितलं, की आपण डोंगराच्या माथ्यावर बसलो आहोत, आणि माथ्यावरून निघणारी प्रत्येक वाट उताराचीच असणार, त्यालाच डोंगर म्हणतात. सगळ्या हसल्या. मशीन हसली नाही. हात पुसून ती म्हणाली, “मग तुम्ही जावा पुढं. मी चालत येतो.”

पहिल्यांदा आम्हाला ती थट्टा वाटली. मग हळूहळू एकेक गोष्ट आठवायला लागली. कॉलनीतून बाहेर पडताना पुलाकडचा जो लहानसा उतार आहे, तिथं मशीन रोज उतरते. कधी चप्पल निघालेली असते, कधी ओढणी चाकात जाईल अशी भीती असते, कधी फोन वाजल्यासारखा वाटतो. वर्षभर रोज. आणि आमच्यापैकी एकीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

“म्हणजे तू उतारावर कधीच सायकल चालवलेली नाहीस?” डॉक्टरणीनं विचारलं.

“न्हाय.”

“अगं, पण चढ असा चढलीस! उतार तर त्याहून सोपा. काहीच करायचं नसतं.”

“त्येच की,” मशीन म्हणाली. “काय करायचंच नसतंय. मशीनवर पाय थांबला की चाक थांबतंय. हितं मी पाय थांबवलं तरी त्ये आपलं पळतंयच. मग त्येला थांबवायचं कुणी?”

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण मी तिची गुरू, आणि वर दशम्या खाल्लेल्या. मी दहा मिनिटं तिची यथेच्छ चेष्टा केली. म्हटलं, आता तुला देवीची पुजारीण म्हणून इथंच ठेवू, ब्लाउजची कापडं आम्ही दर रविवारी वर आणून देऊ. अक्का म्हणाली, माझ्या दोन साड्यांचे आधी घे. मग मी उठले, मशीनची सायकल धरली आणि वर्गात म्हणते तसं म्हटलं, “नीट बघा. मी एकदाच दाखवणार. ही दोन बोटं ब्रेकवर, आणि नजर समोर.”

“बाई, राहू दे की,” मशीन म्हणाली.

देवळापासून पहिल्या वळणापर्यंत साधारण दोनशे पावलं. पंधरा-वीस पावलं सायकल सुरेख गेली. मागं त्या तिघी उभ्या आहेत हे मला पाठीला कळत होतं. मग वेग वाढला, मी ब्रेक दाबला, आणि ब्रेकची दांडी हँडलला येऊन टेकली. काहीच झालं नाही. दुसरा दाबला. खालून फक्त एक सुई सुई असा आवाज आला. मी दोन्ही मुठी आवळल्या. सायकल आणखी पळायला लागली.

अशा वेळी माणसाला काय काय आठवतं म्हणतात. मला काहीही आठवलं नाही. फक्त एवढं स्वच्छ कळलं, की माझे पाय थांबले आहेत आणि चाक थांबत नाही. म्हणजे ती म्हणत होती ते खरं होतं. समोर वळण येत होतं. डावीकडं कठडा नसलेली दरी, उजवीकडं डोंगराची बाजू आणि तिच्या पायाशी घाणेरीची दाट जाळी. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते अक्कानं नंतर कॉलनीत सगळ्यांना सांगितलं. तिचं म्हणणं मी ‘सरका, सरका’ ओरडत होते. रस्त्यावर कुणीही नव्हतं.

मी हँडल उजवीकडं मारलं आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा तोंडावर घाणेरीची फुलं होती आणि सायकल माझ्या वर होती. मागचं चाक फिरतच होतं. जाळीपलीकडं शेरडं राखत एक माणूस बसला होता. तो उठून आला. त्याला फक्त हेल्मेट आणि हात दिसत असावेत.

“पावणं,” तो शांतपणे म्हणाला, “हितनं वाट न्हाय.”

त्यानं सायकल उचलली, मला हात दिला, आणि बाई माणूस आहे हे पाहून गडबडीनं टोपी सारखी केली. माझे हातपाय हलत होते. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, गुडघा खरचटलेला, आणि कुर्त्याची उजवी बाही खांद्यापासून फाटून लोंबत होती. तोपर्यंत तिघी धावत आल्या. सगळ्यांत पुढं मशीन, जिला मी त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं मला दोन्ही दंडांना धरून हलवलं आणि जोरात विचारलं, “हायस न्हवं?”

आहे, असं मी म्हटलं. मग ती रडायला लागली.

डॉक्टरणीनं पिशवीतून औषधांचा डबा काढला. वर्षभर ती तो वाहत होती आणि आज पहिल्यांदा तो उघडत होती, त्यामुळं तिच्या काळजीत थोडा आनंदही मिसळलेला मला दिसला. ओरखडे धुतले, औषध लावलं. दात नीट आहेत का हेही पाहिलं, सवयीनं. मग तिनं मशीनच्या सायकलचे ब्रेक हातानं दाबून पाहिले. मागचे रबर झिजून पत्रा राहिला होता, पुढची तार मधूनच सुटलेली.

“कधीपासून आहे हे असं?”

“काय म्हाईत, जुनीच घेतल्याली,” मशीन डोळे पुसत म्हणाली. “मी ब्रेक कधी दाबलेलाच न्हाय.”

सपाटीवर ती पाय थांबवायची, सायकल आपली हळू व्हायची, मग ती पाय टेकायची. मी शिकवताना ब्रेक शिकवला होता का, हे मी मनात आठवून पाहिलं. मैदान सपाट होतं. शिकवला नव्हता.

फाटक्या बाहीनं गावात शिरणं काही बरं दिसलं नसतं. मशीनच्या पर्समध्ये सुईदोरा कायम असतो. तिनं मला रस्त्याकडच्या दगडावर बसवलं आणि बाही अंगावरच शिवायला घेतली. त्याआधी गवताची एक काडी तोडून माझ्या ओठांपुढं धरली.

“दातात धर. अंगावर शिवताना काडी धरायची आसती. आणि बोलायचं न्हाय.”

मी काडी धरली. अक्कानं समोर बसकण मारली आणि माझ्याकडं बघत राहिली. “काय शांत वाटतंय गं,” ती म्हणाली. “सावकाश शीव. आजून कुठं फाटलं आसंल तर बघ. नसंल तर मी फाडून देतो.”

मशीन मान खाली घालून शिवत होती. तीस वर्षांत तिची शिवण वाकडी गेलेली कुणी पाहिली नसेल, पण त्या बाहीचे टाके वरखाली झाले. ते शिवतानाच ती बोलायला लागली. कुणाकडं न बघता.

“सांगणार हुतो. पर तुम्ही हसला आसता.”

आम्ही हसलो असतो, यात शंका नाही. तोंडात काडी नसती तरी मला ते नाकारता आलं नसतं.

“आज चढताना माझ्या पुढं कुणीच न्हवतं,” ती म्हणाली. “नववीत शाळा सुटली माझी. तवापासनं मशीनवर. कुठं पळायचं न्हाय, कुठं पयलं यायचं न्हाय. आज वर बसलो तर वाटलं, ह्या म्हातारीला सांगावं, त्या तिघी खाली हायत आणि मी वर हाय. सांगितलं बी. मग उतारावर नजर गेली. म्हटलं, आता सांगितलं तर ह्ये बी जाईल.”

तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला. डॉक्टरणीनं चष्मा काढून पुसला. अक्कानं पळत येतानाही न सोडलेला लाडवाचा डबा मशीनपुढं सरकवला आणि म्हणाली, “ह्यात जाणार काय? तू चढलीस त्ये चढलीस. म्हातारी साक्षीला हाय. खा.”

या वेळी तिनं दोन खाल्ले.

मग वर राहिलेल्या सायकली आणून आम्ही चौघी त्या हातात धरून चालत उतरायला लागलो. डॉक्टरणीला चालायचं काहीच कारण नव्हतं. “मी हळूहळू पुढे होते, फाट्यावर थांबते,” असं म्हणून ती बसूनही निघाली. शंभरेक पावलांवर वळून परत आली. एकटीला कंटाळा येतो, म्हणाली.

उतरताना देवळाकडं जाणाऱ्या गाड्या भेटत होत्या. एका मोटरसायकलवर नवराबायको आणि मध्ये नारळाची पिशवी. नवऱ्यानं गाडी हळू केली. “समद्याच पंक्चर काय वो मावशी?”

“व्हय,” अक्का म्हणाली. “सायकली बऱ्या हायत. आम्हीच पंक्चर.”

मशीन त्यावर मोठ्यानं हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मला जरा सुटल्यासारखं झालं, आणि मी पुन्हा बोलायला लागले. अक्का मशीनला म्हणाली, काडी कुठं टाकलीस गं तिची?

फाटा जवळ आला तिथं रस्ता बराच मवाळ होतो. दोन्ही बाजूंना झाडं, समोर ऊस. डॉक्टरीण थांबली. तिनं खिशातून एक लहानशी किल्ली काढली, आपल्या सायकलची सीट दोन बोटं खाली केली आणि हँडल मशीनपुढं धरलं.

हे काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्या सायकलला आम्ही हात लावलेला तिला चालत नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा ती पुसली तर तिनं पुन्हा पुसली होती.

“बस,” ती म्हणाली. “ब्रेक आधीच दाबून धर. मग थोडा सोड. चाकाला तू थांबवणार आहेस. पाय नाही, हात. शिवताना वरचं चाक तू हातानंच थांबवतेस ना?”

मशीननं तिच्याकडं पाहिलं. हे मला दोन आठवड्यांत सुचलं नव्हतं.

ती बसली. डॉक्टरणीनं मागून सीट धरली, मी एका बाजूला, अक्का पुढं उरलेला ऊस आडवा धरून उभी, म्हणजे पोलीस नाकाबंदीला उभे राहतात तशी. मशीननं ब्रेक सोडला. सायकल चार हात गेली. दाबला. थांबली. ती थांबलेल्या चाकाकडं बघत राहिली. मग पुन्हा सोडला. दहा हात. पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी डॉक्टरणीनं तिला न सांगता सीट सोडून दिली. ती एकटी गेली, पन्नास पावलं असेल, खांदे कानापर्यंत चढलेले, ब्रेक चिरकत होते. अक्काच्या उसाला जाऊन टेकली.

“अजून एकदा?” डॉक्टरणीनं विचारलं.

“आज न्हाय,” मशीन म्हणाली. “आज एवढं पुरं.” पण सायकल परत देताना तिनं ब्रेकची दांडी आणखी दोनदा दाबून पाहिली.

गावात शिरल्यावर आधी सायकलच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं मशीनची सायकल उलटी केली, ब्रेक बघितले, आणि आमच्या चौघींकडं बघितलं. माझ्या बाहीकडं जरा जास्तच वेळ.

“ह्या ब्रेकवर डोंगरावर गेलतासा?”

“वर जायला ब्रेक कशाला लागतोय?” मशीन म्हणाली.

मिस्त्रीनं पाना उचलला. त्यानं दोन्ही ब्रेक नवीन बसवले. तेवढ्यात डॉक्टरणीनं अक्काची आणि माझीही सायकल त्याच्यापुढं उभी केली.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. फोन का केला नाहीस म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण बाही दिसली तसा तो थांबला. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “म्हणजे शिकवायला तू गेलीस आणि शिकवलं डॉक्टरणीनं.” मी आंघोळीला गेले.

त्यानंतर आम्ही पाच-सहा वेळा तो डोंगर केला. चढ अजूनही मशीनचाच. मला आता तिसऱ्या वळणापर्यंत जाता येतं, अक्का अजून पहिल्यालाच उतरते. तिचं म्हणणं, एकीनं तरी आपली जागा सोडायला नको. परत येताना मात्र मशीन सगळ्यांत मागं. दोन्ही ब्रेक दाबून, दर वळणाला थांबून, समोरून गाडी आली की उतरून बाजूला उभी राहून. चढायला तिला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट उतरायला लागतो. आम्ही तिघी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसतो. परवा टपरीवाल्यानं चार कप भरले आणि इकडंतिकडं बघितलं.

“चौथ्या कुठं हायत?”

“येत्यात,” अक्का म्हणाली. “त्येंचा कप झाकून ठेवा. उतरायला लागल्यात.”